खमिराची पिशवी

आई, आज सकाळी मी अंड्यातली भाकर केली. खालापूरला, माझ्या घरात, माझ्या कढईत. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. चांगली झाली होती, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तू विचारशील, मीठ चाखून बघितलंस का म्हणून. पण मी लिहायला बसले ती भाकरीचं कौतुक सांगायला नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की भांडणही आता एकटीनेच करावं लागतं. मध्येच तू "बस झालं गं" म्हणणार नाहीस, आणि म्हणालीस तरी आज मी थांबणार नाही. मागच्या महिन्यात पनवेलच्या मावशीने मला जे सांगितलं, ते ऐकल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तू मला फसवलंस. यापेक्षा सौम्य शब्द मी शोधून पाहिला, मिळाला नाही.

दहिवलीचं आपलं स्वयंपाकघर आठवायला बसले की वल्हांडणाच्या सणाच्या आदल्या आठवड्याची धांदल आठवते. तू ओट्याखाली वाकून बसली आहेस, पदर कमरेला खोचलेला, आणि फडताळातला एकेक डबा बाहेर काढून मला हुंगायला देते आहेस. मिसरातून आपली यहुदी माणसं घाईघाईने निघाली, पीठ फुगायला वेळ मिळाला नाही, म्हणून आठ दिवस बेखमीर भाकरी खायची, हे तू मला त्या डब्यांमध्ये बसूनच शिकवलंस. आंबणारं, फुगणारं काही घरात नको. पीठ, रवा, शेवया, पाव, टोस्ट, बिस्किटं, सगळं बाहेर. हिंगाची डबीसुद्धा, कारण हिंगात कणीक मिसळलेली असते. नुसतं घरात नको असंही नाही, आपल्या मालकीचंही नको. आणि टाकून द्यायला आपण काही शेठ नव्हतो. मग ते सगळं पिशवीत भरून सणापुरतं परक्याला देऊन टाकायचं, रीतसर, रुमालाचं एक टोक आपण धरायचं आणि दुसरं त्याच्या हातात द्यायचं. आठ दिवसांनी तसंच मागून घ्यायचं. परका म्हणजे जो आपल्यातला नाही तो. आपल्यासाठी ती शेजारची काकू होती. पिशवी पोचवायचं काम माझं, आणि काकू दरवर्षी दारातच म्हणायची, "आण गं, आण. आठ दिवस मी मालकीण! बिस्किटं कमी झाली तर तुज्या आईला सांग, बोलायचं नाय."

सणाच्या पहिल्या सकाळी ती न्याहारी. आदल्या दिवशी तू भाकऱ्या केलेल्या असायच्या. पिठाला पाणी लागलं की तुझ्या अंगात वारं शिरायचं. मळ, लाट, काट्याने टोचे मार, तव्यावर टाक, कोणी मध्ये आलं तर लाटणंच दाखवायचीस. त्या कडक भाकऱ्या सकाळी मोडून नारळाच्या दुधात भिजत टाकायच्या, पण लगदा होऊ द्यायचा नाही. कांदा, हिरवी मिरची, हळद, त्यावर पिळून घेतलेली भाकरी, त्यावर फेटलेली अंडी. अंडं फोडायचं ते आधी वेगळ्या वाटीत, रक्ताचा ठिपका नाही ना ते पाहायचं, मगच पातेल्यात. मी एका वर्षी शहाणपणा करून सरळ पातेल्यात फोडलं आणि त्यात नेमका लाल ठिपका निघाला. पातेलंभर अंडी गेली. तू लाटण्याने नाही मारलंस, पण "डोळे आहेत का बटणं?" असं म्हणालीस ते अजून ऐकू येतं. बाबा रेल्वेत, घाटाला लागणाऱ्या इंजिनांवर होते, रात्रपाळी करून यायचे, हात धुवायचे आणि न बोलता दोनदा वाढून घ्यायचे. ते दोनदा वाढून घेणं हेच बाबांचं बोलणं होतं, आणि तुला तेवढं पुरायचं. तुझं सगळंच थोडक्यात भागायचं, आई.

मग मी लग्न केलं. मुलगा खालापूरचा, हिंदू, त्यांची रोपांची नर्सरी. बाबा ओरडले नाहीत. जेवणाच्या ताटावरून उठून एवढंच म्हणाले, "आजपासून या घरात तिने मुलगी म्हणून पाऊल टाकायचं नाही." तू ताट उचललंस. पण दुसऱ्या दिवशी कर्जतच्या एसटी स्टँडवर आलीस, घाम पुसत, बाबांना न सांगता, आणि माझा हात धरून म्हणालीस, "कोणी कायपण म्हणू दे. तू माजी ती माजीच. त्याच्यात बदल नाय." मी त्या एका वाक्यावर लग्नाचं पहिलं वर्ष काढलं. नवऱ्याशी खटका उडाला, सासरच्या देवघरासमोर हात जोडताना गांगरले, की मनात म्हणायची, असू दे, मी कोणाची ते ठरलेलं आहे.

म्हणून सणाच्या आधी काकूचा फोन आला, "आईने बोलावलंय, आदल्या दिवशी ये", तेव्हा मी अक्षरशः उडाले. सासूबाईंच्या कोंबड्यांची अंडी घेतली, भुश्यात नीट बसवली. दोन नारळ घेतले. नवऱ्याने मोटारसायकलवरून पुलापर्यंत सोडलं, पुढे मी चालत आले. बाबा ओटीवर पेपर धरून बसले होते. पेपर खाली झाला नाही. तू फाटकाशी आलीस. हातात पिशवी, पिशवीच्या वर घडी केलेला रुमाल. मला वाटलं, काकूकडे पोचवायची आहे, लहानपणासारखी. मी पिशवी घ्यायला हात पुढे केला, तर तू रुमालाचं टोक पुढे केलंस.

"धर."

"मी?"

"टोक धर. आठ दिवस हे सगळं तुजं."

"आई, हे तर काकूला देतेस ना?"

"काकूला होत नाय आता. तू घे."

तू माझ्याकडे पाहत नव्हतीस, रुमालाकडे पाहत होतीस. मी टोक धरलं. काय करणार? परक्याच्या हातात द्यायची वस्तू तू माझ्या हातात दिलीस, आणि या घरात लहानाची मोठी झालेल्या मुलीला त्याचा अर्थ कोणी समजावून सांगायला नको होता. एसटी स्टँडवरचं तुझं वाक्य त्या फाटकात पडलं. मी म्हटलं, "अंडी आणलीत, नारळ पण." तू म्हणालीस, "ठेव पायरीवर." दुसऱ्या दिवशी सकाळी तीच अंडी तू एकेक करून वाटीत फोडली असशील आणि बाबांना दोनदा वाढलं असशील. आणि मी खालापूरला सासूच्या हातचे पोहे खात होते, तुझे टोस्ट फळीवर ठेवून.

सासूबाईंनी पहिल्या वर्षी पिशवीत डोकावून पाहिलं. "माहेरून पीठ-बिस्कुटं? बरं हाय. आमाला साडी मिळायची." मग आठ दिवसांनी मी तीच पिशवी परत न्यायला निघाले तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "न्यायचीच होती तर आणली कशाला गं बाय?" मी काय सांगणार? सांगितलं, आमच्यात असतं तसं. "आमच्यात" म्हणताना जीभ अडखळली. मग तेच दरवर्षी. आदल्या दिवशी यायचं, टोक धरायचं, पिशवी न्यायची. सण संपला की आणून द्यायची, परत टोक धरायचं. तू फाटकातच पाण्याचा तांब्या द्यायचीस, "बरी हायस ना?" विचारायचीस. पोर झाल्यावर तिला घेऊन आले, तर तू तिला फाटकावरून उचलून घेतलंस आणि खजूर आटवून केलेल्या सणाच्या शिऱ्याचं बोट तिच्या तोंडात घातलंस. मला वाटलं, आता म्हणेल, आत या. बाबा ओटीवर खोकले. तू पोर परत दिलीस.

माझ्या घरी मी कधी हा सण केला नाही. नवरा म्हणायचा, "कर की, तुला कोण अडवतंय?" मी फाडकन म्हणायची, "परक्यांनी करायचा नसतो तो." त्यांना वाटायचं, रागावली आहे. मी रागावले नव्हते, मी नियम पाळत होते, तूच शिकवलेला. माझी मुलगी गौरी-गणपतीत वाढली, छानच वाढली, माझी काही तक्रार नाही. पण आजी म्हटलं की तिला आठवतं एक फाटक आणि एक पिशवी. एका वर्षी शाळेत आईच्या माहेरच्या खाण्यावर निबंध लिहायचा होता, तेव्हा तिने मला विचारलं की तुझ्या आईकडे काय करायचे. मी सांगितलं, वरणभात. अंड्यातली भाकर माझ्या ओठांवर आली होती, गिळून टाकली.

बाबा गेले. मी ओटीपर्यंत आले तेव्हा कोणी अडवलं नाही, मयताच्या घरात कोण कोणाला अडवतं? पुढच्या सणाला पुन्हा काकूचा फोन, पुन्हा मी फाटकाशी, पुन्हा तू पिशवी घेऊन. ओटीवर आता कोणी नव्हतं. नुसती खुर्ची. मी त्या दिवशी धीर करून विचारलं होतं, आठवतं तुला? "आई, आता तरी मी आत येऊ का?" तू रुमाल हातातल्या हातात फिरवलास आणि म्हणालीस, "राहू दे गं. रीत पडलीय." रीत पडलीय! मी त्या वर्षी घरी येऊन नर्सरीत मागे जाऊन बसले आणि पोटभर रडले. तू गेलीस तेव्हा पनवेलच्या कब्रस्तानात मी सगळ्या बायकांच्या मागे उभी राहिले. पुढे जायचा हक्क आपला नाही, असंच वाटलं. मावशी हात करून बोलावत होती, मी गेले नाही.

आता तीच मावशी. मागच्या महिन्यात मुलगी पनवेलला कामाला निघाली होती, तिने मला मावशीच्या दारात सोडलं आणि ती पुढे गेली. मावशी आता फार म्हातारी झाली आहे, ऐकू कमी येतं, पण जीभ शाबूत. चहा पिता पिता म्हणाली, "सण आला गं. तू काय करतेस तुझ्याकडे?"

मी म्हटलं, "मावशी, मी आता त्यातली कुठे?"

तिने कप खाली ठेवला. "त्यातली कुठे म्हणजे? आईच्या पोटातून येतं ते. लग्न कोणाशीपण कर, पुसलं जात नाय. तू आपली, तुझी पोरगीपण आपली. कोणी सांगितलं तुला हे?"

"कोणी कशाला सांगायला हवं? आई दरवर्षी खमीर माझ्याकडे देत होती. ते परक्यालाच देतात ना?"

मावशी आधी हसली. मग तिच्या लक्षात आलं की मी हसत नाही. "अगं देवा," ती म्हणाली, "तिने तुला सांगितलंच नाय?" आणि मग तिने सांगितलं. "मी किती वेळा ओरडले तिला. म्हटलं, ताई, हे चालत नाय. ती परकी नाय. तिला दिलंस म्हणजे आपल्याच घरात ठेवल्यासारखं. तुझा सण मोडतो. तर म्हणाली, मोडू दे. ह्यांनी मुलगी म्हणून यायची बंदी घातलीय, परकी म्हणून नाय घातली. तेवढ्या निमित्ताने दोनदा दिसते तरी. देवाला मी सांगेन काय ते."

"म्हणजे तिला ठाऊक होतं?"

"तिला ठाऊक नसेल तर कोणाला? हे सगळं आमाला तिनेच शिकवलं." आणि मग हळूच, "मला वाटलं, तुला माहिती असेल. मायलेकी तुमी."

मावशी रडली. मी नाही रडले. मला माहीत आहे, ही गोष्ट कोणालाही सांगितली तरी तो म्हणेल, बघ, काय ती आईची माया! अंड्यातला ठिपका पाहून पातेलंभर अंडी ओतून देणारी बाई, हिंगाची डबी घराबाहेर काढणारी बाई, तिने मुलगी दिसावी म्हणून वर्षानुवर्षं सण मोडला. मलाही दिसतं ते. मी दगड नाही. पण आई, मला पण थोडं मोज ना त्यात! तुझं साधलं. तुला मी वर्षातून दोनदा दिसले. मला काय मिळालं? पिशवी. तू मला भेटण्यासाठी मला परकी केलंस, आणि मी परकी नाही हे एकट्या तुलाच माहीत होतं. फाटकावर बाबांचे कान पोचत नव्हते. तांब्या हातात देताना, पोर परत देताना, एक वाक्य पुटपुटायचं होतं, "हे नाटक आहे गं, तू आपलीच आहेस." तेवढ्यावर मी जन्म काढला असता. तसंच फाटकात उभी राहिले असते, पण ताठ उभी राहिले असते.

बाबांची भीती, हे मी समजू शकते. पण बाबा गेल्यावर? तेव्हा ओटीवर कोण होतं? मी विचारलं होतं तुला, तोंड उघडून विचारलं होतं. मला काय वाटतं सांगू? तोपर्यंत तुला सांगायची लाज वाटत होती. सांगितलं असतंस तर मी विचारलं असतं, मग इतकी वर्षं का नाही? त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं तुझ्याकडे. म्हणून रीत पडलीय म्हणून मोकळी झालीस. तू माझा राग टाळलास, आणि त्यापायी माझा सणही गेला, माझ्या मुलीचाही. तुझा मोडला तो तू समजूनउमजून मोडलास. आमचा मोडताना आम्हांला विचारलं नाहीस.

तर मी या वर्षी केला. सगळा नाही येत, रात्रीच्या प्रार्थना अर्ध्या विसरले आहे, न्याहारी मात्र हातात होती. आदल्या दिवशी फळ्या रिकाम्या केल्या. पीठ, पाव, बिस्किटं, हिंग, सगळं पिशव्यांत भरलं आणि नवऱ्यासमोर रुमाल धरला. "धरा टोक. तुम्ही परके." ते म्हणाले, "एवढी वर्षं संसार करून आज परका झालो होय!" आणि हसत पिशव्या नर्सरीच्या शेडमध्ये घेऊन गेले. आज सकाळी तिथे आंब्याच्या कलमांमध्ये बसून चहात टोस्ट बुडवून खात होते, अगदी मालकासारखे. मग आत येऊन भाकरीही खाल्ली, दोन्हीकडून चंगळ. मुलगी आली होती मदतीला. तिला मळायला लावलं तर म्हणते, "आई, अगं श्वास तरी घेऊ दे." मी म्हटलं, पिठाने घेतला की संपलं. अंडी वेगळ्या वाटीत फोडली. एकात ठिपका निघाला, तेवढंच टाकलं. सासूबाई आता खुर्चीतून उठत नाहीत, त्यांना बशीत दिलं. त्यांनी घास घोळवला आणि म्हणाल्या, "ही तर फोडणीची भाकर! हिंग नाय घातलास?" आणि बशी पुढे केली, आणखी वाढ म्हणून.

मुलीला मी सांगितलं होतं की मावशी म्हणते, आपण दोघी त्यातल्याच आहोत, लग्नाने ते जात नाही. तिला फार बरं वाटलं. खाता खाता ती थांबली. "आई, मग आजी तुला ती पिशवी का देत होती? तिला हा नियम माहीत नव्हता का?"

महिनाभर मी याच प्रश्नाची वाट पाहत होते. उत्तर तयार होतं. तिला सगळं खरं सांगायचं, तुला जराही पाठीशी घालायचं नाही, असं ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि म्हटलं, "नाही गं. तिला कुठलं माहीत? साधी बाई होती. तिला वाटलं, लग्न झालं म्हणजे गेली."

"बिचारी," ती म्हणाली, आणि तिने ताट पुढे केलं. मी वाढलं.

म्हणून हे लिहून झालं की फाडणार आहे, तिच्या हाती लागायला नको. दुपारी मावशीला फोन केला. दोनदा ओरडून सांगावं लागलं, की मावशी, पोरीसमोर त्या पिशवीचं काही बोलू नकोस, तिला वाटतं आजीला ठाऊक नव्हतं. मावशी म्हणाली, "अगदी आईवर गेलीस गं." मला राग आला, आई. पण तुला म्हणून सांगते, राग नंतर आला. आधी बरं वाटलं.